एन्झोच्या व्हॅनिलातले काळे ठिपके

ईस्टरपासून चौथ्यांदा डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा लागला, तेव्हा एन्झो कास्तेल्वेकीने आपल्या आईस्क्रीमच्या व्हॅनला इटालियनमधून एक शिवी हासडली. आजोबांनी टस्कनीहून स्कॉटलंडला येताना दोनच गोष्टी आणल्या होत्या, आईस्क्रीमची कृती आणि शिव्या, आणि दोन्ही एन्झोपर्यंत जशाच्या तशा पोचल्या होत्या. बाकी तो पोर्टकॅरिकचा पक्का गाववाला होता. पाऊस पडत असला तरी ‘आज जरा ओलसर आहे’ म्हणणारा.

दिवा लागला की व्हॅन रुसायची. त्या दिवशी तर चर्चच्या चढावर ती इतकी रेंगाळली, की चाकांचा वॉकर ढकलत निघालेल्या मॅक्रिंडलबाईंनी तिला गाठलं, काचेवर टकटक केलं आणि विचारलं, “थांबू नकोस, चालता चालताच एक कोन देतोस का?” मॅक्रिंडलबाई म्हणजे शाळेतल्या पाककलेच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पांढरा सॉस शिकवला होता आणि उरलेल्या अर्ध्याला तो न जमल्याबद्दल फैलावर घेतलं होतं. एन्झो या दुसऱ्या अर्ध्यातला.

तो तसाच मेहुण्याच्या गॅरेजात गेला. टॅम म्हणजे बायकोचा, सेंगाचा, धाकटा भाऊ. त्याने व्हॅनखाली डोकं घातलं आणि तिथूनच बोलायला लागला.

“दाजी, दोष गाडीचा नाही, तुमचा आहे.”

“झालं! बायकोच्या माहेरची माणसं सुरू झाली.”

“ऐका तर. या डब्यात फिल्टर आहे. धुरातली काजळी तो अडवून ठेवतो. गाडी मोटारवेवर वीसेक मिनिटं दणकून पळाली, चांगली तापली, की साठलेली काजळी आपोआप जळून जाते. तुम्ही मोटारवेवर शेवटचे कधी गेला होतात?”

एन्झोने आठवून पाहिलं. “सेंगाच्या मावशीच्या मयताला.”

“ती माझीपण मावशी. चार वर्षं झाली तिला जाऊन.”

खरंच होतं. व्हॅन घरून निघायची, मैलभर डुलत बंदरावर यायची आणि तिथे दिवसभर जागच्या जागी घुरघुरत उभी राहायची. आईस्क्रीमचं यंत्र इंजिनावर चालायचं, त्यामुळे इंजिन बंद म्हणजे आईस्क्रीमचं पाणी. बिचारा फिल्टर तुंबेल नाही तर काय करेल?

“मग काढून टाक तो,” एन्झो म्हणाला.

टॅम व्हॅनखालून बाहेर आला. गॅरेजात एका मांजराशिवाय कोणी नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला. “कायद्यात बसत नाही ते. वार्षिक तपासणीत सापडलं तर गाडी घरी बसेल. विम्यावाल्यांना कळलं तर ते हात वर करतील. आणि धूर...”

“बाहेरून कळेल?”

“डबा कापायचा, आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी काढायची, डबा पुन्हा जोडायचा. गाडीच्या कॉम्प्युटरला गप्प बसवायचं. बाहेरून देवालाही कळणार नाही. पण दाजी, मी धुराचं म्हणतोय.”

“धूर मागे जातो, टॅम. मी पुढे असतो.”

या एका वाक्यावर एन्झोने तीन आठवडे काढले. टॅमने मात्र एकच अट घातली, “ताईला माझं नाव सांगायचं नाही.” सेंगाला तो सहा वर्षांचा असल्यापासून घाबरत होता.

काम झालं आणि व्हॅनमध्ये वारं शिरलं. चर्चचा चढ ती अशी चढली की मॅक्रिंडलबाईंना हाकसुद्धा मारता आली नाही. दिवा नाही, रुसवा नाही. एन्झो स्वतःवर बेहद्द खूश होता. चूक एकच झाली, आणि ती फक्त कास्तेल्वेकींच्या घरातच होऊ शकली असती. बंदरावर गाडी उभी करायची त्यांची पद्धत आजोबांच्या हातगाडीपासून ठरलेली होती: तोंड समुद्राकडे, पाठ धक्क्याच्या भिंतीला, खिडकी वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे आईस्क्रीममध्ये वाळू उडत नाही. हातगाडीला धुराडं नव्हतं. आता धूर भिंतीवर आपटायचा, वर चढायचा आणि वळसा घेऊन, कोणीतरी बोलावल्यासारखा, थेट खिडकीत शिरायचा.

व्हॅनच्या अंगावर वडिलांनी निळ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘कास्तेल्वेकी. पांढरं, आणि दुसरं काही नाही.’ वडील खडूस होते. रंग नाही, सुकामेवा नाही, वरून काही भुरभुरणं नाही. “आमच्या आईस्क्रीममध्ये काहीच नसतं,” असं ते छाती फुगवून सांगायचे आणि गाव त्यावर हसायचं, पण रांग त्यांच्याच गाडीपुढे लागायची. त्याच अक्षरांखाली मॅक्रिंडलबाईंनी कोन डोळ्यांजवळ नेला आणि चष्मा सारखा केला.

“लॉरेन्झो.” पूर्ण नाव त्या फक्त गंभीर प्रसंगी घेत. “यात काळे ठिपके आहेत.”

एन्झोने कोन परत घ्यायला घाईघाईने हात पुढे केला.

“म्हणजे शेवटी तू खऱ्या व्हॅनिलाच्या, काळ्या बियांच्या शेंगा वापरायला लागलास! तुझ्या बापाला मी तीस वर्षं सांगत होते.”

“हो, बाई,” एन्झोचं तोंड म्हणालं. डोक्याला विचारायला त्याला वेळच मिळाला नाही.

झालं. बाईंना सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली. संध्याकाळपर्यंत रांग मासळीच्या शेडपर्यंत गेली. शेंगा कुठल्या, असं कोणी विचारलं तेव्हा एन्झोने मादागास्करचं नाव घेतलं. ते बेट आफ्रिकेच्या कोणत्या अंगाला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. “जरा धुरकट चव आहे ना?” एक गिऱ्हाईक म्हणालं. “शेंगा भाजून घेतो,” एन्झोने ठोकून दिलं. खोटं बोलायचा सराव नसलेला माणूस एकदा सुरू झाला की थांबता थांबत नाही. रात्री मात्र त्याला झोप लागेना. बाबागाडीतल्या लेकरांची तोंडं नेमकी धुराड्याच्या उंचीला येतात, हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन पोरं खोकलीही होती. हवेत पराग फार आहेत यंदा, असं त्याने त्यांच्या आयांना सांगितलं होतं.

आणि तोंडावर आला होता गाला, गावाचा वार्षिक उत्सव. दर जूनमध्ये गावातली एक शाळकरी मुलगी गालाची राणी होते, पांढरा झगा घालून लॉरीवरून बंदरावर येते, तिला मुकुट चढवतात आणि राणी पहिला कोन कास्तेल्वेकीच्या हातून घेते. तो कोन खाऊन झाल्याशिवाय गावातलं पोर आईस्क्रीमला शिवत नाही. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, एकोणतीस वर्षं एन्झोने दिला. यंदा चिठ्ठी निघाली ती त्याच्याच नातीची, अकरा वर्षांच्या रोझीनाची.

गालाच्या सकाळी सेंगा त्याचा पांढरा कोट घेऊन उभी राहिली. कॉलर करडी झाली होती.

“तीनदा धुतला. एन्झो, तू आईस्क्रीम विकतोस की कोळसा?”

“मादागास्करच्या...”

“माझ्यापुढे मादागास्कर नको. टॅमला विचारलं मी काल. पाच मिनिटांत भडाभडा ओकला.” तिने कोट त्याच्या हातात दिला. आवाज चढवला नाही, हेच वाईट. “रोझीनाच्या हातात देणार आहेस तो कोन?”

एन्झोने कोट अंगात चढवला. मग त्याने एक युक्ती काढली. बंदरावर त्याने कास्तेल्वेकींच्या नव्वद वर्षांत पहिल्यांदा गाडी उलटी लावली, पाठ मोकळ्या मैदानाकडे. धूर सरळ निघून जाईल! धूर सरळ निघाला तो बुटांवर पांढरे गेटर्स चढवून उभ्या असलेल्या बॅगपाईपच्या बँडकडे. पाईपवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुढच्या क्षणी बारा पाईप एका दमात ओरडून मेले. ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, कारण त्याला काही दिसतच नव्हतं. गाला समितीचा अध्यक्ष लाल होऊन धावत आला. “एन्झो, तुझ्या आजोबांनी लावली तशी लाव की रे बाबा गाडी!”

लावली. पाठ भिंतीला.

रोझीना आली. पांढरा झगा, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, मुकुट जरा कलता. सारं गाव गोळा झालं होतं आणि मॅक्रिंडलबाईंच्या हातात ध्वनिक्षेपक होता. एन्झोने दांडा ओढला. आईस्क्रीम वेटोळं घालत कोनात उतरलं, शुभ्र, वडिलांच्या काळातल्यासारखं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यावर एक ठिपका येऊन बसला. मग दुसरा. मग पाच-सहा.

“बघा,” बाई ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या, “खरी व्हॅनिला अशी दिसते!”

टाळ्या पडल्या. रोझीनाने दोन्ही हातांनी कोन घेतला, आजोबांकडे बघून हसली आणि जीभ बाहेर काढली.

एन्झो खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबला आणि त्याने राणीच्या हातातला कोन हिसकावून घेतला.

“खाऊ नकोस! काजळी आहे ती!”

ध्वनिक्षेपक जवळच होता. काजळी सगळ्या बंदरावर ऐकू गेली.

“फिल्टर काढलाय मी गाडीचा,” एन्झो म्हणाला. आता तोंड आणि डोकं एकाच वेळी बोलत होती. “तो त्रास देत होता म्हणून काढला. व्हॅनिला नाही, मादागास्कर नाही, काही नाही. धूर आहे. तुमच्या पोरांच्या तोंडावर सोडला मी, तीन आठवडे.”

“म्हणजे तीन आठवडे,” मॅक्रिंडलबाई सावकाश म्हणाल्या, “मी काजळी खात होते?”

“रोज, बाई. रविवारी दोनदा.”

कोणी हसलं नाही. एन्झोने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि बंदरावर पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याने खिडकी ओढून घेतली. एका बाबागाडीवाल्या आईने आपलं लेकरू त्याच्याकडे पाठ करून फिरवलं. ते त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. टॅम मोठ्या ढोलामागे लपला होता. सेंगाने त्याला कानाला धरून बाहेर काढलं.

भर जूनमध्ये व्हॅन सोळा दिवस बंद राहिली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, “काय एन्झो, काळं मिळेल का?” एन्झो मान खाली घालून पुढे जायचा. टॅमने नवा फिल्टर बसवला, कॉम्प्युटरला पुन्हा बोलायची परवानगी दिली आणि ताईच्या देखरेखीखाली डब्याचे दोन्ही जोड स्वतःच्या बाहीने पुसले.

सतराव्या दिवशी बंदरावर तीनच माणसं होती: सेंगा, रोझीना आणि वॉकर घेऊन मॅक्रिंडलबाई. रोझीना गालाचा झगा घालून आली होती. खाली रबरी बूट होते, कारण आज जरा ओलसर होतं. व्हॅनची पाठ भिंतीला होती. इंजिन सुरू झालं. बाईंनी पिशवीतून धुतलेला पांढरा रुमाल काढला, वाकून धुराड्यापुढे धरला आणि घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट धरून ठेवला. मग उलटसुलट करून पाहिला.

“हं,” त्या म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

एन्झोने दांडा ओढला. वेटोळं जरा वाकडं पडलं. रोझीनाने कोन सगळीकडून फिरवून फिरवून बघितला.

“नॉन्नो,” ती आजोबांना इटालियन हाक मारत म्हणाली, “यात काहीच नाही.”

“नाही ना?” एन्झोने विचारलं. “नीट बघ.”

“काहीच नाही.”

त्याने वडिलांच्या निळ्या अक्षरांकडे पाहिलं आणि मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले. तिकडे आपल्या कोनाचा पहिला घास घेऊन मॅक्रिंडलबाईंनी जीभ टाळ्याला लावून पाहिली.

“बेचव आहे,” त्यांनी निकाल दिला. “रविवारी सकाळी नऊला मला घ्यायला ये. किलमार्नॉकच्या मोटारवेवर जायचं, वीस मिनिटं, दणकून. मी शेजारी बसून घड्याळ लावणार. दर रविवारी, लॉरेन्झो. मी मरेपर्यंत.”

“हो, बाई,” एन्झो म्हणाला. या वेळी डोक्याला विचारून.