शपथ राहून गेलेली बाई

ताई वारली आणि भावजींनी तिची दोन वर्षांची लेक ठिणगी माझ्या दारात ठेवून दुसरा संसार मांडला. लग्नं नोंदवणं, पोरांचा ताबा ठरवणं अशी कामं चालतात त्या कुटुंब कचेरीतल्या अधिकारी बाई माझ्या खोलीवर आल्या, पोरीचं अंथरूण चाचपलं, शेजारणींना चार प्रश्न विचारले आणि पोर माझ्याकडेच राहील असा हुकूम दिला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून मी तिला वाढवली. आता ती भांडी घासण्याइतकी मोठी झाली, तिकडे भावजींना जुळी झाली, आणि त्यांना एकदम लेकीचा उमाळा आला.

त्यांच्या वकिलाने उकरून काढलं ते असं. त्या कचेरीत नवा अधिकारी आला की मोठ्या दालनात वरिष्ठांसमोर उभं राहून शपथ घ्यायची. बाई रुजू झाल्या तेव्हा दालनाला रंग चालला होता आणि बाहेर लोक ताटकळले होते. वरिष्ठ म्हणाले, "रंग वाळला की घेऊ. तुम्ही बसा कामाला." बाई बसल्या. रंग वाळला, त्याचे पोपडेही निघाले. शपथ राहिली ती राहिलीच.

"शपथ नाही म्हणजे अधिकार नाही," वकील कोर्टात म्हणाला. "बाईंचा हुकूम म्हणजे रद्दी. मुलगी वडिलांची."

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "सोपा मार्ग आहे. नव्याने अर्ज करा."

"तोवर पोरगी?"

"तोवर वडिलांकडे."

"नाही."

माझ्याच वकिलाने मला कोपर मारलं. "मावशी, हट्ट करू नका."

"नवा अर्ज म्हणजे जुना हुकूम खोटा असं मीच कबूल करायचं. मी नाही करणार."

"पहिल्यापासून अशीच आहे, साहेब," भावजी हसले. "एकदा धरलं की सोडत नाही."

"सोडायचं काम तुम्ही केलंत ना, भावजी. एका घरात दोघं कशाला?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशांनी टेबलावर बोट आपटलं, पण मी काही खाली बसले नाही.

"साहेब, त्या बाईंना खुर्चीत सरकारनं बसवलं, पगार सरकारनं दिला, दारावरची पाटी सरकारची. मी आत जाताना काय विचारायचं होतं, की बाई, तुम्ही हात वर केला होता का? चूक कचेरीची आणि घर माझ्या पोरीचं मोडायचं? आणि भावजी, तुमचं दुसरं लग्न कुणी नोंदवलं हो?"

भावजींचं हसू आटलं. मागच्या बाकावर त्यांची नवी बायको एक बाळ मांडीवर आणि एक खांद्यावर घेऊन बसली होती. ती उभी राहिली.

"अहो, त्याच बाईंनी नोंदवलं! मग मी तुमची कोण?"

"तुझा विषय वेगळा आहे. खाली बस."

"वेगळा कसा? बाई त्याच, खुर्ची तीच! ही पोरं काय वाऱ्यावरची?"

भावजींचा वकील चष्मा पुसायला लागला.

न्यायाधीशांनी निकाल दिला. बाईंची नेमणूक कायदेशीर होती, लोक त्यांच्याकडे विश्वासाने गेले. शपथ राहिली याचा जाब कचेरीला विचारला जाईल, त्याची शिक्षा लोकांना नाही. लग्न खरं, हुकूमही खरा. ठिणगी मावशीकडेच. आणि बाईंची शपथ आजच्या आज.

भावजी तरातरा निघून गेले. नवी बायको मागून म्हणाली, "थांबा, एक पोर तरी धरा!"

मी मात्र कचेरीत गेले. वरिष्ठ म्हणाले, "तुमचं काम झालं ना? घरी जा."

"बघितल्याशिवाय हलणार नाही. तुमचा रंग कधी वाळतो ते मला माहीत आहे."

अधिकारी बाई दालनात उभ्या राहिल्या. केस पिकलेले, हात वर केलेला. शपथ चार ओळींची. उशीच्या एका अभ्र्याला इस्त्री करायला याहून जास्त वेळ लागतो.

संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. "माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला."

"तुम्ही माझ्या खोलीवर येऊन पोरीचं अंथरूण हातानं बघितलंत," मी म्हटलं. "यांच्यातलं कुणी आलं होतं का?"

वरिष्ठ खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्यासमोरूनच बाहेर पडले. ठिणगीची शाळा सुटायची वेळ झाली होती.