अवयव पाडा

"मावशी, याचे अवयव पाड ना," भाची म्हणाली आणि माझ्या काळजात धस्स झालं. दवाखान्याच्या बाकावर बसून असलं बोलतात का? तर तिने वही पुढे केली. बीजगणित!

"अगं बाई, आकड्यांचा आणि माझा छत्तीसचा आकडा. तुझा बाबा शिकवतो ना?"

बोलले आणि जीभ चावली. तिचा बाबा समोरच्या काचेच्या दारामागे होता. कामावर शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला. तेव्हापासून त्याचा श्वाससुद्धा मशीनच घेत होतं. सकाळी डॉक्टरांनी माझ्या बहिणीला आत बोलावलं, ती अजून बाहेर आली नव्हती. मेलं ते दार! मघापासून त्याच्याकडे बघून माझी मान दुखायला लागली होती.

"बाबा उठले की तपासतील. म्हणून सगळी सोडवून ठेवतेय," ती म्हणाली. "बघ, एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. मधलं पद फोडायचं. गुणाकार बारा, बेरीज सात."

"तीन आणि चार?"

"वा गं मावशी! उगाच घाबरतेस."

मला भीती वाटत होती ती वेगळीच, पण मी हसले. मग आम्ही धडाधड सोडवत गेलो. शेवटचं मात्र जाम अडलं. एक्स वर्ग अधिक दोन एक्स अधिक पाच. एक आणि पाच घेतले तर बेरीज सहा. पुन्हा खोडलं.

"काहींचे पडतच नाहीत, असं बाबा म्हणाले होते," ती पेन्सिल चावत म्हणाली. "पण पुस्तकात दिलंय म्हणजे पडत असतील."

दार उघडलं. दवाखान्यातली एक बाई बाहेर आली. मागे बहीण, चौकट धरून उभी. डोळे कोरडे. ती माझ्याकडे बघेना.

बाई माझ्याजवळ वाकली. आवाज इतका मऊ की मला तिचा रागच आला. "ताईंनी तुम्हाला विचारायला सांगितलंय. अवयवांबद्दल बोलायचं होतं."

मी तोंड उघडायच्या आत भाचीने वही तिच्यापुढे धरली. "हो, शेवटचंच अडलंय. तुम्हाला येतं?"

बाईने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ठेव ती वही!" मी खेकसले. लेकरावर खेकसले.

भाचीने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. वही हळूच मांडीवर आली.

"बाबांचे?" तिने विचारलं.

आमच्यापैकी कुणीच "नाही" म्हणालं नाही.