काळ्या पट्ट्या

टीव्हीवर सिनेमाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की गोजर चिडायची. "पूर्ण टीव्हीचे पैसे दिले ना आपण? मंग ह्या पट्ट्यांचे कुणाला दिले?" असं म्हणून ती रिमोट घ्यायची आणि चित्र फुल करायची.

मी म्हणायचो, "फुल केलं की कडंचं कापलं जातं."

"मंग तुम्ही काय न कापता सदरा शिवता का?"

वाटूरला माझं शिलाईचं दुकान आहे. गोजर माझी बायको, काज-बटण तीच करायची. कात्री चालवणाऱ्या माणसालाच ती असं विचारायची. पण माझंच बरोबर होतं. सदऱ्याचं कापलेलं कापड निदान खाली पडलेलं दिसतं. टीव्हीतलं कापलेलं दिसतच नाही. म्हणून माणसाला वाटतं, ते नव्हतंच.

आमचं खरं भांडण एका सिनेमावरून होतं. लग्नाआधी मी जालन्याला एका टेलरकडे काम शिकत होतो, तेव्हा तो टॉकीजमध्ये तीनदा पाहिला होता. त्यात शेवटी मुलगी सासरी निघते. मधोमध बैलगाडी. आई आणि गावच्या बायका रडत असतात. आणि पडद्याच्या पार डाव्या टोकाला, कडब्याच्या गंजीपाशी, बाप उभा असतो. पुढे येत नाही. नुसता उभा असतो.

गोजरनं तो सिनेमा पाहिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, भाड्यानं आणलेल्या सीडीवर. सीडीवाल्यांनी चित्र टीव्हीच्या मापात कापून बसवलं होतं. गंजी नाही, बापही नाही.

"बाप कुठाय?" तिनं विचारलं.

"हाय की. डावीकडं."

"डावीकडं आपलं कपाट हाय."

"टॉकीजमधी होता गं. मी बघितला."

"तीनदा बघितला म्हणता, तिन्ही टाइम झोपेत बघितला का? आलाच न्हाई तो पोरीला वाटं लावायला. बाप असलेच असतात."

हे शेवटचं ती सिनेमातल्या बापाला बोलली नव्हती. तिच्या माहेराहून, धावड्याहून, आमचं वऱ्हाड निघालं, तेव्हा तिचे वडील तिला वाटेला लावायला दिसले नाहीत. जीपमधून ती वेस ओलांडेपर्यंत मागे बघत होती. नंतर ते आमच्याकडे किती वेळा आले, येताना मोसंब्या आणल्या. तिनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे ते वारले. तिच्या मनातून ते काही गेलं नाही. आमच्या तृप्तीच्या लग्नात गाडी निघायच्या वेळी मी आचाऱ्याशी बोलत होतो. गोजरनं मला दंडाला धरून ओढत आणलं आणि गाडीच्या पुढे उभं केलं. "इथंच राहा. तिला दिसाल असं." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी तिनं मला हलू दिलं नाही.

एकदा दुकानात काज करता करता म्हणाली, "तुमचा तो कडब्याजवळचा माणूस दाखवा मला एकदा. तो खराच निघाला ना, तर मंग माझा बाप पण असंल कुठं तरी." बोलताना हसली, पण तिची सुई थांबली होती.

तेव्हापासून मी तो सिनेमा शोधत होतो. परतूरला विचारलं, जालन्याला विचारलं. सगळीकडे तीच कापलेली सीडी. पुढे मोबाइल आले, तर त्यातही कुणी तरी तीच टाकलेली. गेल्या वर्षी गोजर किडनीच्या आजारानं गेली. तेवढं एक दाखवायचं राहून गेलं.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकून पाहुणे गेले. मागे आम्ही चौघं राहिलो. मी, तृप्ती, जावई सोमेश्वर आणि गोजरचा धाकटा भाऊ काकासाहेब. सोमेश्वरनं माझ्यासाठी मोठा टीव्ही आणला होता. जुना दिवाळीतच बंद पडला होता.

"बोला मामा, काय लावू? नुसतं नाव सांगा, हा शोधतो."

मी त्या सिनेमाचं नाव सांगितलं. काकासाहेब म्हणाला, "दाजी, आज सिनेमा?"

"आजच."

सिनेमा सापडला. सोमेश्वर म्हणाला, "ही नवीन कॉपी दिसून राह्यली. एकदम साफ." चित्र आलं आणि वर-खाली काळ्या पट्ट्याही आल्या. त्यानं लगेच बटण दाबून चित्र फुल केलं. "हे बघा, गेल्या पट्ट्या."

"न्हाई. पट्ट्या आना परत."

"मामा, पन्नास इंची टीव्ही हाय. मंग मोठा कशाला घेतला?"

तृप्ती म्हणाली, "आबा, आईला फुलच आवडायचं. आजच्या दिवशी तरी तिचं ऐका."

"तिचंच ऐकून राह्यलो, पोरी. आन जावईबापू, गाडी निघायचा सीन काढा."

सोमेश्वरनं पट्ट्या आणल्या आणि सिनेमा पुढे सरकवला. बैलगाडी आली. बायका आल्या. मी उठून टीव्हीजवळ गेलो आणि डाव्या टोकाला बोट ठेवलं. कडब्याची गंजी नव्हती, गोठा होता. ते माझं चुकलं होतं, आणि गोजरनं ते लगेच धरलं असतं. पण गोठ्याच्या दाराशी माणूस होता. धोतर, बंडी, हातात बैलाचं दावं. गाडी हलली तसं त्यानं दावं मुठीत गुंडाळलं. एवढंच.

"हा बाप," मी म्हणालो. "आता करा फुल."

सोमेश्वरनं फुल केलं. बाप गेला. बायका मोठ्या झाल्या.

"आना परत."

बाप परत आला.

आई काय म्हणायची, ते तृप्तीला ठाऊक होतं. काकासाहेबाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं टीव्हीतल्या गोठ्याकडे बोट केलं.

"दाजी, तुम्ही त्या दिवशी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्ते. मी पाठराखण म्हणून अक्काजवळ मागं होतो. धूळ लई म्हणून ड्रायव्हरनं दोन्ही बाजूच्या ताडपत्र्या खाली सोडल्त्या. मागचं एवढंसं दिसायचं." त्यानं दोन्ही हातांनी जीपच्या मागच्या दाराएवढं माप दाखवलं. "आमचा गोठा रस्त्याच्या बाजूला होता. तिथं कुणी उभं असतं, तरी आम्हाला दिसलं नसतं."

"तिला हे कधी बोलला न्हाईस?"

"काय बोलणार? ताडपत्री तिला पण दिसतच होती की. आत्ता हे बघितलं तेव्हा ध्यानात आलं." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "असतील का हो आमचे वडील तिथं?"

"असतील न्हाई. होते."

"तुम्ही तर बघितलं न्हाई."

"टॉकीजमधला बघितला होता, तर तेव्हा कुणी मानलं का? निघाला ना?"

काकासाहेबानं मान डोलावली. सोमेश्वरनं हळूच विचारलं, "मामा, मंग हे असंच ठेवू का कायमचं?"

तृप्तीनं डोळे पुसले आणि अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "आन ह्या पट्ट्यांचे पैसे कुणाला दिले?"

आम्ही सगळे हसलो. काकासाहेबही हसला.

"त्या कडंला उभा हाय त्याला," मी म्हणालो. "राहू द्या पट्ट्या. आन तो सीन लावा पुन्हा."