दारावरची फुली

"गाड्या कमी पडतायत, ब्रेकची तपासणी लांबवा," असा वरून हुकूम आला. कारशेडमध्ये आम्ही फिटर बोंबलून बोंबलून थकलो. साहेब कसला, दगड तो! म्हणतो, "आजवर ठोकली का एखादी?"

मग निदान आपल्या घरचे तरी वाचावेत म्हणून तपासणी चुकलेल्या गाडीच्या दारांवर आम्ही खडूने फुली मारायला लागलो. "फुली दिसली की चढायचं नाही," असं बायकोला, जानकीला, मी बजावलं होतं.

काल संध्याकाळी ती कामावरून कांदिवलीला घरी आली, तर पदराला खडू लागलेला.

"हे काय गं?"

"सकाळी येईल त्या गाडीवर फुलीच होती हो. किती सोडणार? आज उशीर झाला असता तर नोकरी गेली असती."

"मग?"

"फुली बघत कशी चढणार? पुसली, आणि चढले."