पुंजारामचा जबडा आणि विम्याचा डॉक्टर

अकोल्याच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या पुंजारामनं सकाळी पाळीला निघता निघता एक जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं. जबडा निखळला. कळा मस्तकात जात होत्या, पण सांगणार कसं? तोंडातून निघे ते फक्त "आऽ".

"सकायी सकायी काहून गाता?" इंदूबाईनं चुलीपासून विचारलं. मग वळून पाहिलं, पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसली आणि विम्याचं कार्ड काढलं. पगारातून कापून घेतात, तर आज वसूल झालंच पाहिजे, हा तिचा हिशेब.

ताजनापेठेतल्या डॉक्टरनं कार्ड पाहून हात झटकले, "विम्याचं इथं चालत नाही." पुढच्या गल्लीतल्याकडे चालत होतं, पण तो म्हणाला, "तुम्ही ज्याचं नाव लिहून दिलंय, त्याच्याकडेच जा."

पुंजारामचे डोळे फिरले. विम्याचा डॉक्टर निवडायच्या दिवशी गिरणीतल्या अख्ख्या खात्यानं मोर्णा नदीपलीकडच्या एकाचंच नाव दिलं होतं. कारण तो नाडीही न धरता रजेची चिठ्ठी देई. पोळा असो, मेहुणीचं लग्न असो, चिठ्ठीवर ताप. त्याला खरा आजार बरा करता येतो का, हे विचारायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

त्याच्या दवाखान्यात ठणठणीत माणसांची रांग. शेजारच्या साच्यावरचा भगवंता फुटाणे खात उभा होता.

"वा रे पुंज्या! एवढं सोंग नाई लागत इथं. नुसता ताप सांग."

"आऽ!"

"बस कर ना गड्या, देते तो चिठ्ठी!"

आत डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "किती दिवस?"

"दिवस काय करता? तोंड बंद करून द्या यांचं," इंदूबाई म्हणाली.

"ताप लिहू ना?"

"वर तं पाहा, डॉक्टरसायब!"

डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांनाच घाम फुटला. पण दारातून अख्खी रांग डोकावत होती. त्यांनी दोन्ही अंगठे पुंजारामच्या दाढांवर टेकवले, अंगठ्यांना आधी कापड गुंडाळायचं असतं हे विसरले, आणि डोळे मिटून दाबलं. कट्! जबडा बसला. डॉक्टरांचा उजवा अंगठा मात्र आतच राहिला. आता "आऽ" ते करत होते.

अंगठा सुटला तेव्हा वांग्यासारखा टरारला होता. पेन धरवेना. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि स्वतःच आठवडाभर रजेवर गेले.

रांगेतले सगळे तापकरी मुकाट्यानं गिरणीकडे वळले. चिठ्ठी पुंजारामलाही मिळाली नव्हती. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधून तोही साच्यावर उभा राहिला. बोलायची सोय नव्हती, म्हणून भगवंताचं सगळं ऐकून घ्यावं लागलं.

"चावाचंच होतं बेट्या," साच्यांच्या खडखडाटावर भगवंता ओरडत होता, "तं डावा अंगठा काय कडू होता?"