फुलाचा भोपळा

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की भोपळ्याला जो मान मिळतो, तो आपल्याकडे बिचाऱ्याला कधी मिळाला नाही. आपल्याकडे त्याची भाजी होते, फार तर घारगे, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्याचं नाव निघतं. अटलांटाजवळच्या अल्फारेटात मात्र तो दारात बसतो, पायऱ्यांवर बसतो, आणि जागृतीच्या घरी त्या शनिवारी तो थेट टेबलावर चढून बसला होता.

तिच्या नवऱ्याच्या, राकेशच्या ऑफिसातली मंडळी मुलाबाळांसकट दुपारनंतर यायची होती. मागच्या अंगणातल्या लांब टेबलावर जागृतीनं वाळकी मक्याची कणसं, मुठीएवढे भोपळे आणि मेणबत्त्या मांडल्या. मधोमध दोन मोठे भोपळे ठेवले. त्यांची टोपणं कापून, आतला गर खरवडून काढून तिनं काचेची भांडी बसवली होती आणि देठाची टोपणं ज्याच्या त्याच्या अंगाला टेकवून ठेवली होती. भांड्यांत सायडर, म्हणजे सफरचंदाचा गार रस, त्यात दालचिनी, लवंगा आणि संत्र्याच्या चकत्या. दोन्ही भोपळे जुळ्या भावांसारखे दिसत होते. फरक एवढाच, की डावीकडच्यात राकेशनं अर्धी बाटली रम ओतली होती.

या रमवरून सकाळीच घरात वाजलं होतं.

"यार, एवढे ॲडल्ट्स येणार. नुसता ज्यूस सर्व्ह केला तर काय म्हणतील?"

"आणि बाबा?"

राकेशनं बाटली काही परत कपाटात ठेवली नाही.

जागृतीचे आईवडील, रमाबाई आणि भानुदास, नागपूरहून मुक्कामाला आले होते. भानुदास एके काळी इतके प्यायचे, की लहानपणच्या आठवणींत जागृतीला आधी त्यांचा वास यायचा आणि मग चेहरा. पुढे एका धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर ते पंचशील म्हणायला उभे राहिले. दरवर्षीच म्हणायचे, त्यात नवं काही नव्हतं. पण त्या वर्षी पाचव्या शीलाशी, नशेपासून दूर राहीन या शब्दांशी, त्यांचा आवाज अडकला आणि एवढ्या गर्दीत ते पोरासारखे रडले. त्यानंतर एक थेंब नाही. जागृतीचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. इतका पूर्ण, की ते आल्यापासून सिंकमधला त्यांचा प्रत्येक पेला ती गुपचूप हुंगून बघत होती.

तर तिनं युक्ती काढली. आईनं ओवायला घेतलेल्या झेंडूंतलं एक फूल तिनं उजवीकडच्या भोपळ्याच्या देठाला बांधलं. फुलाचा भोपळा साधा, बिनफुलाचा रमचा. पाहुण्यांना सांगायचं काम राकेशकडे दिलं. वडिलांना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फुलाच्याच भोपळ्यातलं घ्या हं. दुसऱ्यात लिंबू जास्त झालंय, तुम्हाला ॲसिडिटी होईल."

"बरं बेटा," भानुदास म्हणाले.

आईला तिनं काहीच सांगितलं नाही. घरात रम आहे असं कळलं असतं, तर रमाबाई दिवसभर नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरून बसल्या असत्या.

पाहुणे आले. टेबलाचे फोटो निघाले. "ओ माय गॉड, जागृती, धिस इज सो प्रिटी!" असं चारचौघींनी म्हटल्यावर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग ती स्वयंपाकघरात डोकावली. भोपळ्यांचा गर फेकून देणं रमाबाईंना पाप वाटलं होतं, म्हणून गूळ आणि कणीक घालून त्या कोहळ्याची बोंडं, म्हणजे नागपूरकडची भोपळ्याची गोड भजी, तळत होत्या.

"जागू, तुझ्या त्या एका कोहळ्याले फूलच नव्हतं," झारा हलवत त्या म्हणाल्या. "मी लावून टाकलं."

जागृतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय केलंस?"

"फूल बांधलं. दोघं एका टेबलावर बसलेले, एकाला फूल आणि एकाला नाही? हा भेदभाव आपल्या घरात चालत नाही बाई. आणि तुझ्या बाबांनाही गिलास भरून दिला, बिचारे एकटे बसले होते."

"कोणत्या भोपळ्यातला?"

"आता दोन्ही सारखेच ना? जो जवळ होता त्यातला. काहून, काय झालं?"

"काही नाही," जागृती म्हणाली.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. भानुदास टेबलाच्या मधोमध खुर्ची ओढून बसले होते, अगदी रमच्या भोपळ्याला खेटून. समोर रिकामा पेला. आणि एरवी इंग्रजीच्या धाकानं शेजाऱ्याला नमस्कारसुद्धा न करणारा हा माणूस राकेशच्या मॅनेजरशी मोठमोठ्यानं बोलत होता, हातवारे करत होता आणि हसत होता. हे हातवारे तिला पाठ होते. लहानपणी रात्री दाराशी हेच हात असे हलायचे आणि आई तिला आतल्या खोलीत पाठवायची.

संपलं, तिला वाटलं. सगळं पाण्यात गेलं. आणि तेही कशानं, तर आपण सजवलेल्या भोपळ्यानं आणि आईच्या हातानं. राकेशचा तिला राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

ती अंगणात गेली ती जवळजवळ पळतच. मॅनेजर हसत दुसरीकडे गेला होता. तेवढ्यात कुणाची तरी पाचसहा वर्षांची मुलगी कागदी कप घेऊन भोपळ्याशी आली. भानुदासांनी आडवा हात धरला. "नो नो बेटा. धिस, बिग पीपल. यू, दॅट वन." मुलगी उजवीकडच्या भोपळ्याकडे वळली.

जागृती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि खाली वाकली. वाकल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण त्यांचं तोंड हुंगतोय, चारचौघांत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भानुदास रागावले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं आणि "हा" करून श्वास सोडला. नुसता वेलदोडा आणि तळलेल्या गुळाचा वास. सकाळपासून त्यांनी बोंडंच हाणली होती.

"गिलास?" तिनं कसंबसं विचारलं.

त्यांनी कुंपणालगतच्या झुडपाकडे बोट दाखवलं. "त्याच्या बुडाशी ओतला. ओठाशी नेला आणि कळलं. हा वास मी विसरीन का? बघत राहा, थोड्या वेळानं झुडूप डुलायला लागेल."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून झेंडूचं फूल डोकावत होतं. डावीकडच्या भोपळ्याचा देठ आता मोकळा होता.

"फूल तेव्हाच काढलं. पण तोवर दोन फुलं किती जणांनी पाहिली असतील, कुणाला ठाऊक? लेकरं येता-जाता पेला बुडवतात. म्हणून इथंच बसलो. राकेशच्या त्या साहेबालाही तेच समजावत होतो, हातानं."

जागृतीच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती शेजारच्या खुर्चीवर मटकन बसली आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मला हाक का नाही मारली, बाबा?"

"हाक मारली असती तर तुझी आई आली असती. तिनं तिच्या हातानं भरून दिलं होतं, जागू. तिला हे कधी कळू देऊ नको." मग ते म्हणाले, "आणि तू मला लिंबाचं सांगितलंस. रमचं सांगितलं असतंस तरी चाललं असतं, बेटा."

ते काही टोचून बोलले नाहीत, तरी तिला लागायचं ते लागलं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता.

रमाबाई बोंडांचं ताट घेऊन आल्या आणि आल्या आल्या त्यांची नजर देठावर गेली. "अरे, याचं फूल कुठं गेलं?"

"पडलं," भानुदास म्हणाले. खिशातलं फूल काढून त्यांनी ते भरल्या अंगणात बायकोच्या अंबाड्यात खोचलं. "त्याच्या वाटचं तुला. आता भेदभाव नाही."

"लाज नाही का? झेंडू काय डोक्यात घालतात!" रमाबाई लटक्या रागानं म्हणाल्या, पण फूल काही काढलं नाही. ताट मिरवत त्या पाहुण्यांकडे गेल्या.

जागृती उठली. "हा रमचा भोपळा मी आत ठेवते, बाबा."

"राहू दे. लोक पितात, खुश आहेत. मी आहे ना इथं."

तिनं त्यांचा पेला विसळून आणला, फुलाच्या भोपळ्यातला सायडर त्यात भरला आणि त्यांच्या हातात दिला. मग त्यांना त्या दोन भोपळ्यांपाशी तसंच सोडून ती पाहुण्यांत गेली, आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.