निंबव्वाचं थांबणं

निंबव्वाअक्काला सिनेमात घेतलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षं आमच्या नाटक कंपनीत तिच्या विनोदांना माझ्या पेटीची साथ होती. तरी बंगळूरहून आलेला दिग्दर्शक श्रेयस म्हणाला, "पेटीमास्तर, संगीत आमचं वेगळं आहे." मी गेलो तो अक्काला सोबत म्हणून, आणि तिथं चुरमुऱ्यांचं गिरमिट बरं मिळायचं म्हणून.

गदगजवळच्या एका शेतात चित्रीकरण होतं. अक्का झाली होती म्हशीचं बारसं करणारी सासू. पहिलंच वाक्य, "सून शिकलेली हवी होती, मिळाली. आता ती शिकवते, मी शिकते." एवढं बोलून अक्का गप्प. नजर सरळ समोर. मग सावकाश, "दूध तेवढं म्हैसच देते."

"कट. अक्का, मध्येच का थांबता?"

"लोक हसतायत ना."

"इथं लोक कुठं आहेत?"

"येतील की."

बनशंकरीच्या जत्रेत दोन दोन हजार माणसांपुढं उभी राहिलेली बाई ती. हशा ओसरल्याशिवाय पुढचा शब्द टाकायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. दहा वेळा समजावलं, दहा वेळा थांबली. शेवटी श्रेयस वैतागला. "राहू दे. ते थांबणं आम्ही कापून टाकू."

परतताना अक्का मला म्हणाली, "मास्तर, कंपनीचा तंबू तर गुंडाळला. माझं म्हणून मागं राहणार ते एवढंच. तेही कापलं तर जन्मभर मी केलं काय?" मला त्या पोराचा असा राग आला की विचारू नका.

कापाकापी झाली. प्रदर्शनाआधी श्रेयसनं गदगच्या थेटरात एक खेळ आमच्या लोकांसाठी लावला. "मी शिकते" म्हटल्याबरोबर जो हशा उसळला, त्यात म्हैस कधी आली नि गेली कुणाला कळलंच नाही. पुढंही तेच. न राहवून मागून एक म्हातारा ओरडला, "निंबव्वा, पूर्वी थांबायचीस की गं!"

मध्यंतरात श्रेयस मान खाली घालून आला. "अक्का, कापलेलं सगळं ठेवलंय. परत जोडतो."

"पेटीपण जोडा," मी म्हटलं. त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, सिनेमा लागला. थेटरसमोर नायकाच्या कटाउटवर दूध ओततात, ते आमच्या लोकांनी अक्काच्या कटाउटवर ओतलं, तेही म्हशीचंच हवं म्हणून हटून. आत मी तिच्या शेजारी बसलो. पहिलं वाक्य आलं. हशा चढला, रेंगाळला, उतरला. तोवर पडद्यावरची अक्का गप्प उभी होती. शेवटचा माणूस हसायचा थांबला तेव्हा ती म्हणाली, "दूध तेवढं म्हैसच देते," आणि थेटर पुन्हा उसळलं. त्या रिकाम्या शेतात ती याच माणसांसाठी थांबली होती. माझे डोळे भरून आले, आणि बोटं मांडीवर आपोआप पेटी वाजवू लागली.

मागच्या रांगेतून श्रेयस वाकला. "अक्का, किती थांबायचं ते तिथं कसं कळलं तुम्हाला?"

अक्का काहीच बोलली नाही. लोक अजून हसत होते. हशा पुरता ओसरला, तेव्हा मान न वळवता ती म्हणाली, "बघ, आले की नाही लोक?"